मोसंबीच्या सालीने पाण्यातलं शिसं, क्रोमियम आणि रंग काढताना

मोसंबीची साल ज्यूसच्या गाडीवरून आणली की त्याच दिवशी धुवायला घ्यायची. पिशवीत रात्रभर राहिलेली साल सकाळपर्यंत आंबते, तिच्यावर बुळबुळीत थर चढतो आणि मग कितीही धुतली तरी तिचं पाणी नितळ होत नाही. पुण्यात मोसंबी जवळजवळ बारा महिने मिळते आणि गाडीवाले साली टाकूनच देतात, त्यामुळे कच्चा माल फुकट. खर्च त्यानंतर सुरू होतो: धुण्याचं पाणी, वाळवण्याची वीज, कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), आम्ल, तपासणी आणि शेवटी उरलेल्या विषारी भुकटीची विल्हेवाट. ‘स्वस्त नैसर्गिक अधिशोषक’ (म्हणजे पाण्यातली घाण आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ) असं लिहिताना यातला निम्मा खर्च धरलेलाच नसतो.

साल धातू का पकडते हे आधी पक्कं समजलं पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो. सालीच्या पांढऱ्या भागात पेक्टिन हा चिकट पदार्थ भरपूर असतो आणि त्यावर कार्बॉक्सिल हे आम्लधर्मी गट असतात. पाण्याचा पीएच ४ च्या वर गेला की या गटांवरचा हायड्रोजन बराचसा सुटतो आणि तिथे ऋण भार उरतो. शिसं, तांबं आणि मिथिलीन ब्लू हा निळा रंग हे सगळे पाण्यात धन भाराचे असल्यामुळे तिथे धरले जातात. मुलामा देण्याच्या कारखान्यातलं षट्‌संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) मात्र पाण्यात ऋण भाराचं असतं. त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

साल तयार करणं

साली साधारण १ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापायच्या. आधी नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, पाण्याचा पिवळेपणा जाईपर्यंत धुवायच्या. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या गच्चीवर दोन-तीन उन्हांत त्या कडक वाळतात. जून ते सप्टेंबरमध्ये तो नाद करू नये, ओलसर हवेत दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते. तेव्हा हॉट एअर ओव्हनमध्ये ६० ते ७० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायच्या. घाई करून १०५ अंशांवर वाळवल्या तर साली तपकिरी होतात आणि नंतर पाण्यात रंग सोडतात. ताज्या सालीत ७५ ते ८० टक्के पाणीच असतं, म्हणजे १ किलो सालीतून २०० ते २५० ग्रॅम सुका माल मिळणार. त्यातलाही विरघळणारा भाग पुढच्या धुण्यात जाईल.

वाळलेली साल मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायची. सलग फिरवली की भांडं तापतं, सालीतलं तेल सुटतं आणि भुकटीचे गोळे होतात. मग चाळणी. इथे मेशचा (चाळणीच्या जाळीचा) आकडा न लिहिता मायक्रॉनमध्येच नोंद करावी, कारण ब्रिटिश आणि अमेरिकन चाळण्यांचे मेश क्रमांक जुळत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करायचा झाला तर भुकटी वेगळीच निघते. फ्लास्कमधल्या प्रयोगांसाठी आम्ही १५० ते २५० मायक्रॉनचा भाग घेतो, कॉलमसाठी ४२५ ते ८५० चा. १५० च्या खालचं पीठ बाजूला काढायचं. ते रंग लवकर धरतं खरं, पण पाण्यात तरंगत राहतं, गाळलं जात नाही आणि वाचनात गढूळपणा घालतं.

कच्ची भुकटी तशीच वापरली तर पेक्टिन पाण्यात उतरतं, पाणी पिवळसर होतं आणि त्याचा सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. धातू काढायच्या नादात पाण्यात सेंद्रिय घाण घातली असं होतं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, म्हणून धातूबरोबर सीओडीही मोजायलाच हवा. यावर उपाय म्हणजे पेक्टिनला कॅल्शियमने बांधून टाकणं. १०० ग्रॅम भुकटीला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं २ लिटर द्रावण, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक, साध्या तापमानाला तासभर. यात पेक्टिनवरचे मिथाइल एस्टर तुटतात आणि कार्बॉक्सिल गट मोकळे होतात. गरम करायचं नाही आणि रात्रभरही ठेवायचं नाही, नाहीतर पेक्टिनच्या साखळ्याच तुटतात आणि खळीसारखा लगदा हाती येतो. कॉस्टिक निथळून, एकदाच पटकन धुऊन भुकटी लगेच ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवायची. दोन रेणू पाण्याचं कॅल्शियम क्लोराइड असेल तर लिटरला २९.४ ग्रॅम. या वेळी द्रावण दुधाळ दिसलं तर कॉस्टिक जास्त राहिलं आहे आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड खाली बसतंय असं समजायचं. ते पुढच्या धुण्यात निघतं, पण धुणं लांबतं.

चुन्याच्या निवळीनेही ही दोन्ही कामं एकदम होतात आणि खर्च फार कमी येतो. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, त्यामुळे निवळी भरपूर लागते आणि एकदोनदा बदलावी लागते. धोका एकच, पण मोठा. भुकटीत चुना राहिला तर तो शिशाच्या पाण्याचा पीएच चढवतो, शिसं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि वाचनात ‘९९ टक्के अधिशोषण’ दिसतं. अधिशोषण झालेलंच नसतं. म्हणून दोन्ही पद्धतींत शेवटची परीक्षा एकच ठेवावी: १ ग्रॅम वाळलेली भुकटी १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर हलवायची. पीएच ७.५ च्या वर गेला तर पुन्हा धुवायचं. क्लोराइड निघालं की नाही ते धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून दिसतं. पांढुरकी झाक आली तर धुणं बाकी आहे.

तयार भुकटी ६० अंशांवर वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायची. पावसाळ्यात ती हवेतली ओल ओढून घेते. दर वेळी १ ग्रॅम नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलीचं प्रमाण काढायचं आणि पुढची सगळी गणितं सुक्या वजनावर मांडायची. हे केलं नाही तर ऑगस्टमधले आकडे मेमधल्या आकड्यांशी जुळत नाहीत आणि दोष मात्र सालीला दिला जातो.

पुण्यात सहज सुचणारा दुसरा पदार्थ म्हणजे अमृततुल्यमधला चहाचा चोथा. तो आम्ही सुचवत नाही. हा चहा दुधात उकळलेला असतो, त्यामुळे पानांवर दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश बसलेले असतात. गरम पाण्याच्या धुण्याने ते पुरते जात नाहीत, चोथा खवट होतो आणि पानाचा पृष्ठभाग झाकलेलाच राहतो. चोथा वापरायचा तर कोऱ्या चहाचा घ्यावा आणि पाणी बिनरंगी येईपर्यंत पुन्हा पुन्हा उकळावा. रसवंतीवरचं उसाचं चिपाड चांगलं, फक्त साखर पूर्ण निघेपर्यंत गरम पाण्याने धुवायचं. भुईमुगाची टरफलं तर क्रोमियमसाठी सालीपेक्षा बरी, कारण ती फुगत नाहीत. शेवग्याच्या बियांचं नाव या यादीत नेहमी येतं, पण त्यांचं मुख्य काम वेगळं आहे. त्यांच्यातली धन भाराची प्रथिनं गढूळपणाचे कण एकत्र आणून खाली बसवतात. पाणी नितळ दिसलं म्हणजे विरघळलेलं शिसं गेलं असा अर्थ होत नाही.

आधी रंग

थेट धातूवर उडी मारू नये. मिथिलीन ब्लूवर हात बसवावा, कारण तो डोळ्यांना दिसतो, साध्या कलरीमीटरवर मोजता येतो आणि भुकटी नीट झाली की नाही ते त्याच दिवशी कळतं. लिटरला १ ग्रॅमचं मूळ द्रावण करायचं. बाटलीवरचा शुद्धतेचा आकडा आणि स्फटिकजल पाहून वजन दुरुस्त करायचं, नाहीतर सुरुवातच चुकीच्या आकड्याने होते. वाचन ६६४ नॅनोमीटरला. कलरीमीटर असेल तर त्याच्या जवळची, ६६० ची फिल्टर चालते. प्रमाण आलेख १ ते ५ मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये काढायचा. ५ मिलिग्रॅमला शोषणांक १ च्या आसपास येतो. त्यावर रंगाचे रेणू जोडीने राहू लागतात, रेषा वाकते आणि त्या वाकलेल्या भागावरून काढलेले आकडे खोटे ठरतात. दाट नमुना आधी पातळ करावा, मगच मोजावा.

मिथिलीन ब्लू काचेलाही चिकटतो आणि गाळणकागदाला तर फारच. कागद सेल्युलोजचाच, म्हणजे तोही एक नैसर्गिक अधिशोषकच झाला. ५ मिलिग्रॅमचं द्रावण कागदातून गाळलं की खाली फिकट पाणी येतं आणि श्रेय भुकटीला मिळतं. सेंट्रिफ्यूज असेल तर ४००० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवून वरचं पाणी घ्यावं. कागदच वापरायचा तर पहिले १५ मिलिलिटर टाकून द्यावेत. प्रत्येक मालिकेत दोन कोरे फ्लास्क हवेतच: एकात रंग पण भुकटी नाही, दुसऱ्यात भुकटी पण रंग नाही. पहिला काचेने किती खाल्लं ते सांगतो, दुसरा भुकटीने पाण्यात काय सोडलं ते. हे दोन फ्लास्क नसलेल्या मालिकेवर आम्ही विश्वास ठेवत नाही. काचेची निळाई सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने किंवा अल्कोहोलने निघते.

मांडणी साधी आहे. २५० मिलिलिटरच्या कोनिकल फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर द्रावण, ०.१ ग्रॅम भुकटी, शेकरवर मिनिटाला १५० फेऱ्या. वेळेचा अभ्यास करताना ५, १०, २०, ४०, ६०, ९०, १२० आणि १८० मिनिटांसाठी वेगवेगळे फ्लास्क लावायचे. एकाच फ्लास्कमधून दर वेळी थोडं पाणी काढत गेलं तर उरलेल्या पाण्यात भुकटीचं प्रमाण वाढत जातं आणि शेवटचे बिंदू उगाचच चांगले दिसतात. तापमान बांधून ठेवायचं. पुण्यात जानेवारीच्या सकाळी खोलीत १५ अंश असतात आणि एप्रिलच्या दुपारी पस्तिशी ओलांडते, तेव्हा ‘खोलीचं तापमान’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. ३० अंशांच्या पाण्याच्या टबाचा (वॉटर बाथ) शेकर उत्तम.

आता टक्केवारीबद्दल, कारण या विषयातला सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. समजा सुरुवातीला ५० मिलिग्रॅम प्रति लिटर रंग होता, १०० मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम भुकटी टाकली आणि शेवटी २ मिलिग्रॅम उरला. निघाला ९६ टक्के आणि भुकटीने धरला ग्रॅमला ४८ मिलिग्रॅम. आता भुकटी ०.४ ग्रॅम करा. शेवटी अर्धा मिलिग्रॅम उरला तर टक्केवारी ९९ होते, पण ग्रॅममागे धरलेला रंग १२.४ मिलिग्रॅमवर येतो. दुसरा आकडा ‘जास्त चांगला’ म्हणून छापला जातो, प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश भुकटी वाया गेलेली असते. टक्केवारी हवी तेवढी करता येते, भुकटी वाढवत नेली की झालं. म्हणून तीन आकडे एकत्र लिहावेत: शेवटी पाण्यात किती उरलं, ग्रॅमला किती धरलं आणि लिटरला किती भुकटी लागली.

समतापी आलेखासाठी, म्हणजे एकाच तापमानाला पाण्यात उरलेला आणि भुकटीने धरलेला रंग यांचं नातं पाहण्यासाठी, भुकटी लिटरला १ ग्रॅम ठेवून रंगाची तीव्रता १० पासून ५०० मिलिग्रॅमपर्यंत न्यायची. हे नातं मांडणारं फ्रॉइंडलिखचं समीकरण १९०६ चं, लँगम्यूरचं १९१८ चं. दोन्ही सरळ रेषेत न ओढता मूळ रूपातच, स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरने बसवावीत, कारण रेषेत ओढताना कमी तीव्रतेच्या बिंदूंतली चूक फुगते. गतीचं द्वितीय-कोटी समीकरण जवळजवळ प्रत्येक पदार्थाला ०.९९ च्या सहसंबंधाने बसतं. त्याचं कारण असं की समतोल आल्यानंतरचे बिंदूही त्यात घेतलेले असतात. ते वगळून पाहावं.

मिथिलीन ब्लू निघाला म्हणून सगळे रंग निघतील असं समजू नये. सोलापूर, इचलकरंजीकडे सुतावर जे रिॲक्टिव्ह रंग वापरतात ते ऋण भाराचे असतात. शिवाय त्या पाण्यात लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ आणि पीएच ११ च्या आसपास. अशा पाण्यात मोसंबीची साल जवळजवळ काही करत नाही. तिथे धन भाराचा पृष्ठभाग लागतो, उदाहरणार्थ कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेलं कायटोसान, आणि तेही पाणी आम्लधर्मी केल्यावर. काँगो रेड वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो पीएच ३ च्या आसपास स्वतःच निळा होतो, मग लाल रंगाच्या तरंगलांबीवरचं वाचन आपोआप घसरतं. रंग बदलला एवढंच, निघालेला नसतो.

शिसं

१००० मिलिग्रॅम प्रति लिटर शिशासाठी १.५९८ ग्रॅम लेड नायट्रेट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये, लिटरला १ मिलिलिटर नायट्रिक आम्ल घालून. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातल्या कार्बोनेटमुळे शिसं लगेच खाली बसतं. पीएच बदलायला ०.१ मोलर नायट्रिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड. सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक वापरू नये, लेड सल्फेट आणि क्लोराइड कमी विरघळतात. काम पीएच ५ वर करायचं. ४ च्या खाली कार्बॉक्सिल गटांवर हायड्रोजन बसलेला असतो आणि क्षमता घसरते, ६ च्या पुढे शिसं हायड्रॉक्साइड होऊ लागतं. कॉस्टिक थेंब थेंब, ढवळत टाकायचं. एकाच जागी धार पडली तर तिथे पांढरे कण होतात आणि ते पुन्हा विरघळायला वेळ घेतात.

शेवटचा पीएच लिहायला विसरायचं नाही. भुकटीतलं कॅल्शियम सुटतं, ती थोडा हायड्रोजनही घेते, म्हणून तासाभरात पीएच वर सरकतो. तो ६.५ ओलांडून गेला असेल तर त्या फ्लास्कमधलं ‘निघालेलं’ शिसं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसलेलं असू शकतं. तोच पीएच दिलेला, भुकटी नसलेला फ्लास्क गाळून मोजला की खरं काय ते कळतं. दुसरी पडताळणी कॅल्शियमची: शिसं खरंच कॅल्शियमची जागा घेत असेल तर पाण्यातलं कॅल्शियम त्या प्रमाणात वाढलं पाहिजे. ईडीटीए या धातू बांधणाऱ्या रसायनाने ते मोजताना उरलेलं शिसंही ईडीटीए खातं, तेव्हा ते वजा करायचं.

नमुने लगेच नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचे, नाहीतर बाटलीची भिंत शिसं धरते. मोजणी अॅटॉमिक अॅबसॉर्प्शनवर (धातूच्या अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर), २१७.० किंवा २८३.३ नॅनोमीटरला. आणि इथे टक्केवारीचा दुसरा फटका बसतो. सुरुवातीला १०० मिलिग्रॅम शिसं होतं आणि ९९ टक्के निघालं, तर १ मिलिग्रॅम उरलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ९९ टक्के काढूनही पाणी मर्यादेच्या १०० पट विषारी. नदीत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, तिच्याही १० पट. शिवाय ज्वालेवरचं साधं यंत्र ०.०१ मिलिग्रॅम शिसं विश्वासाने मोजूच शकत नाही, त्यासाठी ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस अशी अधिक सूक्ष्म मोजणारी यंत्रं लागतात. ज्वालेच्या यंत्रावर ‘आढळलं नाही’ आलं म्हणून पाणी पिण्यायोग्य म्हणणं धोक्याचं आहे. सालीची भुकटी घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी वापरा, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही.

खऱ्या पाण्यात क्षमता आणखी उतरते. खडकवासल्याचं पाणी तुलनेने मऊ, पण शहराच्या कडेच्या बोअरचं पाणी बेसाल्टमधून येतं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. त्याच कार्बॉक्सिल जागांसाठी तेही स्पर्धा करतात. हा परिणाम आधीच पाहायचा तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला २९४ मिलिग्रॅम दोन रेणू पाण्याचं कॅल्शियम क्लोराइड घालून २०० मिलिग्रॅमचा कठीणपणा तयार करावा आणि शिशाचा प्रयोग पुन्हा लावावा. शिशाला पेक्टिनची ओढ कॅल्शियमपेक्षा जास्त असल्यामुळे ते पूर्ण हरत नाही. झिंक आणि निकेलची पकड मात्र सैल असते.

क्रोमियम

भोसरी-चिंचवडकडच्या मुलाम्याच्या कामातून येणाऱ्या धुवणीच्या पाण्याचा विचार करायचा तर क्रोमियम टाळून चालत नाही. मूळ द्रावण १०० अंशांच्या वर वाळवलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटचं, लिटरला २.८२९ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम क्रोमियम. हे कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा, आणि तोंडाने पिपेट ओढणं कधीही नाही.

इथे कॅल्शियमची प्रक्रिया केलेली साल वाया घालवू नये, कारण काम पीएच २ वर चालतं आणि तिथे आम्ल सगळं कॅल्शियम काढून टाकतं. नुसती धुतलेली भुईमुगाची टरफलं घ्यावीत, लिटरला ५ ग्रॅम. मोजणी डायफिनाइलकार्बाझाइडने: २५० मिलिग्रॅम ५० मिलिलिटर अॅसिटोनमध्ये विरघळवून तपकिरी बाटलीत ठेवायचं, रंग चढला की टाकून द्यायचं. नमुना सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी करून हे घालायचं, ५ ते १० मिनिटांनी ५४० नॅनोमीटरला जांभळा रंग वाचायचा. १ मिलिग्रॅमच्या वरचे नमुने पातळ करूनच.

काही तासांत पिवळं पाणी बिनरंगी होतं, जांभळा रंग येईनासा होतो आणि निकाल लिहिला जातो: १०० टक्के. पण टरफलातली लिग्निन आणि टॅनिन ही द्रव्यं आम्लात षट्‌संयुजी क्रोमियमचं क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, ते त्रिसंयुजी करतात. ते धन भाराचं, आणि पीएच २ वर टरफलाच्या पृष्ठभागावर त्याला धरणारं फारसं काही नसतं. त्यातलं बरंच पाण्यातच राहतं. डायफिनाइलकार्बाझाइडला ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याचं एकूण क्रोमियम अॅटॉमिक अॅबसॉर्प्शनवर, ३५७.९ नॅनोमीटरला, मोजलंच पाहिजे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाण्यात राहिलेलं त्रिसंयुजी क्रोमियम. सांडपाण्याच्या मर्यादाही म्हणूनच दोन आहेत: षट्‌संयुजी ०.१ आणि एकूण २ मिलिग्रॅम प्रति लिटर.

हे क्षपण वाईट नाही, उलट विषारीपणा खूप कमी होतो. फक्त त्याला अधिशोषण म्हणू नये आणि पुढची पायरी गाळू नये: पीएच चुन्याने ८ ते ८.५ वर नेऊन त्रिसंयुजी क्रोमियम हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायचं.

क्षपण आम्लही खातं. क्रोमियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे निव्वळ ४ आयन. लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम म्हणजे ०.९६ मिलिमोल, त्याला ३.८ मिलिमोल आम्ल लागतं. पीएच २ च्या पाण्यात असतं १० मिलिमोल. म्हणजे काम पुरं होता होता पीएच २.२ च्या जवळ पोचतो आणि वेग मंदावतो. १०० मिलिग्रॅमच्या द्रावणात तीन-चतुर्थांशाहून जास्त आम्ल संपतं आणि पीएच २.६ च्या जवळ जातो. ‘टरफलाची क्षमता संपली’ असं वाटतं तेव्हा आधी पीएच पाहावा. दर अर्ध्या तासाला तो २ वर आणत राहिलं तर तेच टरफल पुढे काम करतं.

कॉलम

फ्लास्कमधले आकडे चांगले आले की कॉलम लावायचा. २.५ सेंटिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी, तळाशी काचेचा कापूस, त्यावर आम्लाने धुतलेली जाड वाळू २ सेंटिमीटर, मग १५ सेंटिमीटर भुकटी, वर पुन्हा वाळू. भुकटी ४२५ ते ८५० मायक्रॉनचीच. बारीक भुकटीने तासाभरात पाणी अडतं. कोरडी भुकटी नळीत भरू नये. ती भिजल्यावर फुगते, दाबली जाते आणि मध्ये हवेचे कप्पे राहतात. रात्रभर भिजवून, पातळ लगद्यासारखी ओतून, पाण्याची पातळी कायम वर ठेवत भरायची.

या थराचं आकारमान ७४ मिलिलिटर होतं. मिनिटाला ५ मिलिलिटर सोडलं तर पाणी थरात सुमारे १५ मिनिटं राहतं आणि सुरुवातीला तेवढं हवंच. पेरिस्टाल्टिक पंप नसेल तर औषधाच्या दुकानातला सलाइनचा सेट उत्तम काम करतो. २० थेंबांना १ मिलिलिटरचा सेट असेल तर मिनिटाला १०० थेंब. वरच्या बाटलीतलं पाणी उतरत गेलं की प्रवाह मंदावतो, म्हणून मोजपात्र आणि घड्याळ घेऊन अधूनमधून तपासायचं. पाणी खालून वर सोडलं तर हवेचे बुडबुडे निघून जातात आणि कडेने वाट पडत नाही. वरून सोडताना नळीच्या भिंतीलगत पाणी धावतं, मधला थर कोराच राहतो आणि भेदन, म्हणजे बाहेर येणाऱ्या पाण्यात धातू दिसू लागण्याचा क्षण, फार लवकर येतो.

भेदनाचा क्षण पुष्कळ ठिकाणी सुरुवातीच्या ५ टक्क्यांवर धरतात. आम्ही तो कायद्याच्या मर्यादेवर धरतो. २० मिलिग्रॅम शिशाच्या पाण्यात ५ टक्के म्हणजे १ मिलिग्रॅम, आणि ते नाल्यात सोडता येत नाही. कॉलम शनिवार-रविवार पाण्याने भरलेला बंद ठेवू नये. सोमवारी दुर्गंधी आणि बुळबुळीत थर ठरलेला. ठेवायचाच तर निथळून फ्रिजमध्ये.

मोठ्या कामाचा अंदाज असा बांधावा. १००० लिटर धुवणीच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम धातू म्हणजे २० ग्रॅम. कॉलममध्ये ग्रॅमला २० मिलिग्रॅम मिळाले असं धरलं तर १ किलो सुकी भुकटी, म्हणजे पाच किलोहून अधिक ताजी साल. लहान युनिटला हे जमण्यासारखं आहे, पण शेवटची सफाई म्हणून. दाट पाण्यातला मोठा वाटा आधी चुन्याने खाली बसवावा आणि उरलेल्या काही मिलिग्रॅमसाठी साल लावावी.

वापरलेली भुकटी

साल धातू नष्ट करत नाही, पाण्यातून काढून स्वतःवर घेते. शिशाची भुकटी ०.१ मोलर नायट्रिक आम्लाने धुतली की बराच धातू सुटतो आणि थोड्या आम्लात गोळा होतो. मग भुकटीला पुन्हा कॅल्शियम द्यावं लागतं, कारण आम्लाने ते काढून टाकलेलं असतं. प्रत्येक फेरीत थोडी भुकटी विरघळून जाते आणि क्षमता उतरते. कुठल्या फेरीनंतर थांबायचं ते कॉलमच्या आकड्यांवरून ठरवावं. निथळलेल्या आम्लातलं शिसं खाली बसवून तो गाळही जपून ठेवावा लागतो. मिथिलीन ब्लू सालीवरून सोडवण्यात मात्र वेळ घालवू नये.

वापरलेली भुकटी ओल्या कचऱ्यात टाकायची नाही. पुण्यात ओला कचरा कंपोस्ट आणि बायोगॅसकडे जातो आणि त्याआधी कचरावेचकांच्या हातांतून जातो. कुंडीत खत म्हणून नाही, शेतात नाही. जाळायची तर मुळीच नाही: शिसं धुरात आणि राखेत जातं, आणि टरफलावरचं त्रिसंयुजी क्रोमियम हवेत जळताना, विशेषतः चुना असेल तर, पुन्हा षट्‌संयुजी होऊ शकतं. म्हणजे केलेलं सगळं काम उलटं फिरतं. भुकटी किती धातू सोडते हे टीसीएलपी चाचणीने पाहतात: २० पट आम्लधर्मी द्रावणात १८ तास फिरवून. शिसं आणि क्रोमियम दोन्हींची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली हा माल अधिकृत प्रक्रिया केंद्रालाच द्यावा लागतो. पुणे भागासाठी असं केंद्र रांजणगावला आहे. तोवर भुकटी वाळवून, जाड पिशवीत बांधून, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ठेवायची. शिसं आणि क्रोमियमचे ड्रम वेगळे, रंगाचा तिसरा, आणि प्रत्येकावर धातूचं नाव, सुकं वजन, भुकटी कशाची आणि भरल्याची तारीख.